झोपाळ्याची फळी आणि निसटलेला ब्रिज

मे महिन्यातली दुपार होती, तीन वाजत आले होते. मी खालच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. वरून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी आपटल्याचा. आई म्हणाली, “मांजर शिरलं वाटतं.” कॉल म्यूट करून वर धावलो. मांजर नव्हतं. टेबलावर मी बनवलेली गिटार आडवी होती आणि तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती शिसवी पट्टी, लाकडापासून सुटून सहा तारांना लोंबकळत होता.

चौदा महिने खपून केलेली गिटार, तारा चढवल्यावर नऊ दिवस टिकली.

ती कोणासाठी होती ते आधी सांगतो. माझे काका बँकेतून निवृत्त झाले, पण उज्जैनच्या जुन्या मराठी घरांमध्ये त्यांची ओळख ‘गिटारवाले’ अशीच. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा असायचा त्या काळात ते स्टेजवर डावीकडे उभे असत. मला पहिले तीन कॉर्ड त्यांनीच शिकवले, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, मी गणितात लटकलो होतो तेव्हा. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सनची सुरुवात असल्याचं सांगितलं. काकांनी कोणाजवळ काही तक्रार केली नाही, फक्त स्टीलच्या तारांची गिटार कपाटावर ठेवून दिली आणि तिच्यावर चादर घातली. ती चादर मला बघवेना. नायलॉनच्या तारांना बोटांचा जोर कमी लागतो, तेव्हा त्यांना नायलॉनची गिटार द्यायची असं मी ठरवलं. विकत आणता आली असती. पण घरात एक फळी होती.

कार्तिक चौकातलं पणजोबांचं घर विकलं तेव्हा भांडी, समया, पितळी डबे सगळं वाटलं गेलं. माजघरातल्या झोपाळ्याची सागवानी फळी मात्र कोणालाच नको होती. फ्लॅटमध्ये झोपाळा टांगणार कुठे? ती आमच्या ऋषिनगरच्या घरी जिन्याखाली आली आणि तिथेच राहिली. दोन इंच जाडीचं ते लाकूड तीन पिढ्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालेलं होतं. गिटारची पाठ आणि कडा यातूनच करायच्या असं ठरवून मी ती आरा मशीनवर नेली. पहिल्याच कापात आत दडलेला जुना खिळा लागला, मशीनची पट्टी गेली आणि तिचे पैसे मला भरावे लागले. पण आत निघालेला रंग मधासारखा होता. पुढचा पत्रा, ज्याच्यामुळे गिटार खरी वाजते, तो मात्र स्प्रूसचाच हवा. तो ऑनलाइन मागवला. एकच. महाग असल्यामुळे.

हे एकच प्रकरण पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

आता तेलाबद्दल. गिटारला सहसा लॅकर फवारतात किंवा लाखेचं फ्रेंच पॉलिश करतात. मला झोपाळ्याचा तो स्पर्श हवा होता, काचेसारखी चकाकी नको होती. शिवाय फवारणीचं यंत्र माझ्याकडे नाही आणि गच्चीवर फवारावं तर सिंहस्थ २०२८च्या कामांची धूळ दिवसभर उडतेय. म्हणून जवसाचं तेल. फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढा, वाळू द्या, पुन्हा लावा. आपल्या माळव्यात अळशी भरपूर पिकते, तेव्हा तेही घरचंच वाटलं.

सगळी तेलं लाकडाला चालत नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावलंत तर लाकूड वर्षानुवर्षं ओशटच राहील. जवसाचं तेल ‘वाळतं’, पण पाण्यासारखं उडून नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची घट्ट साय तयार होते. या क्रियेत उष्णता निघते. पसरलेल्या पातळ थरात ती निघून जाते, पण तेलाचं फडकं चुरगाळून टाकलं तर उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ही अतिशयोक्ती नाही. मी एकदा तीन फडकी गोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली होती. आईने कपडे वाळत घालताना बादलीला हात लावला आणि खालूनच ओरडली, “अरे, ही बादली तापलीये कशाने?” तेव्हापासून फडकी गच्चीच्या कठड्यावर एकेक सुटी वाळत घालायची किंवा पाण्याच्या डब्यात बुडवायची असा घरात नियम आहे. तुमच्याकडे कोणी फर्निचरला असं तेल लावत असेल, तर हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा.

तर, मी गिटारला तेलाचे पाच हात दिले. सगळीकडे. ब्रिज चिकटायचा होता त्या जागेवरही. आणि मग त्या सुंदर, रेशमी, पाच वेळा तेल प्यायलेल्या लाकडावर सुताराचा पांढरा गोंद लावून ब्रिज चिकटवला. बीई झालेल्या माणसाने हे करावं! गोंदाच्या डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ आणि तेलविरहित असावा. मी ते वाचलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्येही आम्ही सूचना शेवटीच वाचतो.

ब्रिज निघाला त्या रात्री मी त्याची खालची बाजू दिव्याखाली धरून पाहिली. गोंदाचा थर अख्खा ब्रिजबरोबर आला होता, गुळगुळीत, चकचकीत. त्याला स्प्रूसचा एकही तंतू चिकटलेला नव्हता. चांगला सांधा तुटतो तेव्हा गोंद सुटत नाही, लाकूड फाटतं. इथे गोंदाने लाकडाला धरलंच नव्हतं, तो तेलाच्या सायीवर नुसता बसला होता. दोष ना गोंदाचा, ना तेलाचा. क्रम माझा चुकला होता. एका परीने नशीबही म्हणायचं. अर्धवट धरला असता तर पत्र्याचे तंतू घेऊनच ब्रिज उखडला असता आणि दुसरा पत्रा माझ्याकडे नव्हता.

मग मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण चाळीस किलो. ब्रिजचं बूड सुमारे एकोणीस सेंटिमीटर लांब, पावणेतीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे पन्नासेक चौरस सेंटिमीटर. ताण वाटून दिला तर चौरस सेंटिमीटरला एक किलोही येत नाही. लाकडाचा चांगला गोंद त्याच्या शेकडो पट झेलतो. मग अडचण काय? अडचण ही की ताण सरळ नसतो. तारा ब्रिजच्या बुडापासून जवळपास सेंटिमीटरभर वर असतात, त्यामुळे त्या ब्रिजला पुढे ओढतात तशाच उलटवूही पाहतात. पुढची कड दाबली जाते, मागची उचलली जाते. सेलोटेप आडवी ओढून निघत नाही, पण कोपऱ्यातून उचलली की सहज सोलली जाते, तसंच. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या घोडीला ही भीती नसते, कारण तारा तिच्यावरून पुढे जातात आणि तिला खालीच दाबतात. गिटारच्या तारा ब्रिजलाच बांधलेल्या. सगळा संसार त्या सांध्यावर. त्यात मे महिन्याची दुपार. वरच्या खोलीला पत्र्याचं छत आहे आणि पांढरा गोंद उष्णतेत मऊ पडतो, सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. तीन वाजता तो निघाला यात नवल नव्हतं.

काकांना मी कळवलं नव्हतं. बाबांनी कळवलं. काका रिक्षा करून आले, ब्रिज हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “चांगला झालाय रे आकार.” मग पाणी प्यायले, इकडचं-तिकडचं बोलले आणि जाताना म्हणाले, “सावकाश कर. मला कुठे घाई आहे?” पेला खाली ठेवताना त्यांचा हात टेबलाच्या कडेला दोनदा लागला होता. घाई होती.

त्याच महिन्याच्या शेवटी मामेबहिणीच्या लग्नाला सांगलीला जायचं होतं. तिथून मिरज हाकेच्या अंतरावर. मिरजेची तंतुवाद्यं हा आपल्या मराठी मुलखाचा केवढा ठेवा आहे, हे आम्हा बाहेरच्या मराठी लोकांना नुसतं ऐकून माहीत असतं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांनी हे काम सुरू केलं. मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, आणि पुढे सतार-तंबोऱ्यांना जवारी लावणारे. पिढ्यान्‌पिढ्या ते काम चालू आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गल्लीत दुकानांसमोर भोपळे टांगलेले असतात. पंढरपूरकडच्या शेतांत खास त्यासाठी पिकवलेले, कडक सालीचे.

एका कारखान्यात मी धीर करून माझा ब्रिज दाखवला. तिथले वयस्कर कारागीर तंबोऱ्याच्या दांडीचं काम करत होते. त्यांनी ब्रिजच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, “पॉलिश आधी केलंत का?” मी हो म्हटलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांच्याकडे आधी सगळे सांधे बसतात, नक्षी बसते, मग घासणं आणि सगळ्यात शेवटी लाख. मी म्हटलं, आता तर तेल लागून गेलंय. “मग तेवढं खरवडा की. लाकूड दिसेपर्यंत,” ते म्हणाले. पाच मिनिटांचं बोलणं. यूट्यूबवर मी यासाठी तीन रात्री घालवल्या होत्या.

परत आल्यावर खरवडायला बसलो. हे काम कसं केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या वाद्यांचे सुटलेले भाग चिकटवायची वेळ कोणावरही येऊ शकते.

आधी ब्रिज बरोबर कुठे बसणार ते पक्कं केलं. माझ्या गिटारची तारेची लांबी ६५० मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने रूढ केलेलं हे माप आजही चालतं. (याच तोरेसने १८६२ साली पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली होती, आवाज पुढच्या पत्र्याचा असतो हे दाखवायला. माझ्या झोपाळ्याच्या फळीचं महत्त्व त्याने फारसं मानलं नसतं.) बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो. तार दाबताना ताणली जाऊन सूर किंचित चढतो, म्हणून ब्रिजकडची बाजू साधारण दोन मिलिमीटर लांब ठेवावी लागते. एवढ्यात चूक झाली तर गिटार जन्मभर बेसूर. म्हणून ब्रिजच्या खाचेत दोन अगदी बारीक भोकं पाडून ती पत्र्यातही उतरवली आणि त्यांत टाचण्या बसवल्या. ओल्या गोंदावर ब्रिज साबणासारखा घसरतो, टाचण्या त्याला जागेवर धरतात.

मग ब्रिजच्या कडेकडेने मास्किंग टेप लावून, ब्रिजपेक्षा मिलिमीटरभर आतली जागा उघडी ठेवली, म्हणजे खरवडलेलं लाकूड बाहेर डोकावणार नाही. सुरीने रेघ मारायचा मोह होतो, पण सुरी खोल गेली तर पत्रा तिथेच चिरतो. खरवडायला आमच्या मिस्त्रीचाचांनी काचेचा तुकडा दिला. जुने सुतार अजून काचच वापरतात. कागदासारखी कोवळी साल निघते. सँडपेपरने तेल घासलं तर ते धुळीबरोबर पुन्हा रंध्रांत बसतं. मिस्त्रीचाचा शेजारी बसून बघत होते. “भैया, लकड़ी ने तेल पी लिया है, अब धीरे-धीरे उगलवाओ,” म्हणाले.

किती खरवडायचं हे कसं कळतं? पाण्याचा थेंब टाकायचा. तेलकट लाकडावर तो मोत्यासारखा उभा राहतो, कोऱ्या लाकडावर पसरून शोषला जातो. गोंदाचंही तसंच, जिथे पाणी शिरत नाही तिथे तोही शिरणार नाही. पहिला थेंब मोती, दुसरा मोती. माझा पत्रा अडीच मिलिमीटरपेक्षाही पातळ, म्हणून प्रत्येक फेरीनंतर व्हर्नियर लावून माप घेत होतो. चौथ्या खेपेला थेंब आडवा झाला. पत्र्यातले जेमतेम ०.२ मिलिमीटर गेले होते. शेवटी ॲसिटोनचं फडकं फिरवलं, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ काही पेटतं नाही ना ते पाहून. ब्रिजच्या बुडावरचा जुना गोंदही कोमट पाण्याने मऊ करून पूर्ण काढला. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही. आणि शिसव मुळातच तेलकट लाकूड, त्यामुळे तेही ताजं खरवडूनच घ्यावं लागतं.

या खेपेला गोंद म्हणून सरस घ्यायचा ठरवला. इकडे हिंदीत त्याला सरेस म्हणतात. वाळला की काचेसारखा कडक होतो, ताणाखाली सरकत नाही आणि पुढे कधी काढायचा झालाच तर ऊब आणि ओलावा देऊन निघतो. पण तो जनावरांच्या कातड्यापासून करतात. आईने पुडीवरचं वाचलं आणि म्हणाली, “माझ्या स्वयंपाकघरात हे शिजायचं नाही. माझं भांडं नाही, माझा गॅस नाही.” वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि तो वास घेतल्यावर मलाही तिचं पटलं. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि साठ अंशांच्या आसपास गरम ठेवायचा, उकळू द्यायचा नाही, नाहीतर त्याची ताकद जाते. त्यावर ताईने उपाय काढला. भाच्याची दुधाची बाटली गरम करायचं विजेचं यंत्र आता पडूनच होतं. ते गच्चीच्या खोलीत माझ्या मालकीचं झालं. (ते परत मागू नये असं मी तिला लेखी कळवलं आहे.)

सरसाची एकच खोड. तो गार होताच गोठतो, हाताशी मिनिटभर मिळतं. थंड देशातले कारागीर त्यासाठी आधी खोली तापवतात. उज्जैनला जूनच्या सुरुवातीला तो खर्च वाचतो. उलट आमच्याकडे प्रश्न हवेच्या कोरडेपणाचा. फार कोरड्या हवेत पत्रा आकसलेला असतो. तेव्हाच ब्रिज चिकटवला तर पावसाळ्यात पत्रा फुगतो आणि ब्रिज त्याला अडवून धरतो. आर्द्रता पंचेचाळीस-पन्नास टक्के असलेली बरी. त्यासाठी परदेशात यंत्रं घेतात, मी दोन दिवस खोलीत कूलर चालू ठेवला. आर्द्रतामापकाचा काटा शेचाळीसवर आला तेव्हा बाबा म्हणाले, “कूलरचा असाही उपयोग असतो होय!”

रविवारी सकाळी आठला बसलो. काकांना बोलावलं नव्हतं, ते आले. त्याआधी गोंदाशिवाय चार वेळा रंगीत तालीम केली. लांब तोंडाचे तीन क्लॅम्प गिटारच्या गोल भोकातून आत घालायचे, आतल्या पट्ट्यांना धक्का लागू नये म्हणून खाचा पाडलेला लाकडी ठोकळा आत धरायचा आणि वरून ब्रिजवर दुसरा. पहिल्या तालमीला सव्वादोन मिनिटं लागली. चौथ्याला बेचाळीस सेकंद. ब्रिज हेअर ड्रायरने कोमट केला, सरस लावला, टाचण्यांवर ब्रिज बसवला. बाबांनी आतला ठोकळा धरला, मी मधला क्लॅम्प आवळला. डावीकडचा आवळताना उजवीकडचा ठोकळा हलायला लागला आणि माझे दोन्ही हात अडकलेले. काकांनी पुढे होऊन तो उजव्या हाताच्या तळव्याने दाबून धरला. कोणी काही बोललं नाही. कडेने सरसाचे बारीक मणी सगळीकडून सारखे बाहेर आले, तेव्हा बरं वाटलं. ते ओल्या गरम फडक्याने पुसले. मग क्लॅम्प पूर्ण एक दिवस तसेच ठेवले आणि तारा आणखी चार दिवस लावल्या नाहीत. ते चार दिवस मी ऑफिसचं काम फार चांगलं केलं.

एक काम राहिलं होतं. झोपाळ्याच्या कडीजवळ पितळेचं छोटं फूल ठोकलेलं होतं, ते काकांना गिटारच्या डोक्यावर हवं होतं. तेलावर धातू चिकटवणं म्हणजे तोच अभ्यास पुन्हा. तिथे सरस किंवा पांढरा गोंद चालत नाही, कारण पाण्यावर आधारलेल्या गोंदाचं पाणी धातूतून जाणार कुठे? दोन नळ्यांचा इपॉक्सी घेतला. फुलाची मागची बाजू जाड सँडपेपरने ओरखडून, दोन्हीकडे ॲसिटोन लावून, फुलाच्या आकाराएवढंच सागवान खरवडलं. सागवानात स्वतःचंच तेल असतं, म्हणून ते खरवडल्यावर लगेच चिकटवावं, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. फूल जरा तिरकं बसलं आहे. काका म्हणतात, झोपाळ्यावरही तिरकंच होतं.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मधे एक पावसाळा गेला आणि आता दुसरा मे चालू आहे. दर रविवारी मी काकांकडे जातो, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून बघतो. अजून शिरलेला नाही. काका सकाळी दहानंतर वाजवतात, गोळीचा परिणाम तेव्हा चांगला असतो. अनामिका नीट दाबली जात नाही, त्यामुळे त्यांनी बरेच कॉर्ड दोन बोटांत बसवले आहेत. आधी मला ते चुकल्यासारखे वाटायचे, आता माझेही तसेच वाजतात. गणपतीत आपल्या मंडळात काकांनी दोन गाणी वाजवली ती तुमच्यापैकी काहींनी ऐकली असतील. दुसऱ्या गाण्यात मधेच थांबून त्यांनी हात झटकला, तेव्हा लोकांना वाटलं तार उतरली.

काल रात्री त्यांचा फोन होता. “अरे, वरची तार खरंच उतरतेय. ये सवडीने.” सवडीने म्हणाले, पण उद्या सकाळी साडेनवाला जाणार आहे. जाताना ट्यूनर आणि कागदाचा तुकडा, दोन्ही घेऊन.